डेल्फीचे चित्र आणि चिरे

ग्रीस देशात पार्नासस पर्वताच्या दक्षिण उतारावर, उंच कड्यांच्या छायेत, अपोलो देवाचे डेल्फी हे क्षेत्र आहे. राजे असोत वा सामान्य जन, पिथिया या उपासिकेच्या मुखातून देवाचा कौल ऐकण्यासाठी सारे ग्रीक येथे येत. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राटांनी जुनी उपासना बंद पाडली. पुढे मंदिरे ढासळली आणि त्या अवशेषांवर कास्त्री नावाचे खेडे वसले.

१८९२ साली फ्रेंच संशोधकांनी तेथे मोठे उत्खनन आरंभिले. त्यासाठी ते अख्खे खेडे दुसरीकडे हलवावे लागले. १८९४ मध्ये अल्बेर तूर्नेर या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने या क्षेत्राचे पूर्ववैभव चित्ररूपाने उभे केले. वळणे घेत चढणारा पवित्र मार्ग, दुतर्फा नगरराज्यांची कोषगृहे व नवसाचे पुतळे, मध्ये अपोलोचे मंदिर आणि वर डोंगरात खोदलेले नाट्यगृह! पाहणाऱ्याला आपणही यात्रेकरूंबरोबर चढत आहोत, असा भास होतो.

परंतु हे सारे कशावरून? जोती, पुतळ्यांचे रिकामे चौथरे, शिलालेख आणि दुसऱ्या शतकातील प्रवासी पौसानिअस याचे वर्णन, एवढाच अशा चित्राचा आधार. उरलेले काम तर्काचे व कल्पनेचे. शिवाय चित्र पुरे झाले तेव्हा खोदकाम चालूच होते. आज डेल्फीचे भूषण मानला जाणारा सारथ्याचा कांस्य पुतळा दोन वर्षांनी, १८९६ साली, मातीतून वर आला. चित्रकाराला त्याची वार्ताही नव्हती.

याउलट अथेन्सच्या कोषगृहाची कथा पाहावी. त्याचे विखुरलेले चिरे पुन्हा रचून १९०३ ते १९०६ या काळात ती वास्तू जागच्या जागी उभारण्यात आली. त्याच भिंतीच्या चिऱ्यांवर १८९३ साली अपोलोची स्तोत्रे सापडली होती, आणि तीही स्वरलिपीसह! शिखरे व पुतळे कल्पनेने उभारता येतात. देवापुढे गायिलेला स्वर मात्र कल्पून मिळत नाही. तो त्या दगडांनीच जपला होता.

म्हणून तूर्नेरचे चित्र त्याज्य ठरत नाही. विखुरलेल्या दगडांत एक जिवंत क्षेत्र पाहण्याची दृष्टी त्याने दिली. मात्र त्याला दर्शन म्हणावे, पुरावा म्हणू नये. भग्न देवस्थानाविषयी खरा आदर असेल, तर जे उरले आहे ते आधी जपावे आणि जे कल्पिले आहे ते कल्पिलेलेच आहे, असे स्पष्ट सांगावे.