पडद्यामागचा नाद



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा ‘चित्रपटातील ध्वनी’ हा विषय मी सुचविला. त्यावर ‘म्हणजे संगीत ना?’ अशी सहज पृच्छा झाली. ती स्वाभाविकच होती. परंतु मला बोलावयाचे आहे ते संगीताविषयी नव्हे. दाराची करकर, जिन्यावरची पावले, लुगड्याची सळसळ, दूरवर भुंकणारे कुत्रे, आणि क्वचित यांपैकी काहीच ऐकू न येणे, हा आजचा माझा विषय आहे. ज्या गोष्टी आपल्या लक्षातही येत नाहीत त्या आपल्या मनावर किती अधिकार गाजवितात, हे मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आपली शाळा ज्या वसतीत उभी आहे तिचे नाव कालिदासाच्या यक्षाची नगरी आपल्याला आठवून देते. उत्तरमेघाच्या प्रारंभीच कवीने मेघ आणि अलकेतील प्रासाद यांची तुलना केली आहे. मेघापाशी वीज, तर प्रासादांत ललना. त्याच्यापाशी इंद्रधनुष्य, तर येथे भिंतींवरची चित्रे. त्याची गंभीर गर्जना, तर येथे मृदंगाचा घोष. नगरीचे चित्र डोळ्यांपुढे उभे करतानाही कवीला नादावाचून ते पुरे वाटले नाही. चित्रपटाच्या इतिहासाला मात्र हे उमगावयास काही काळ जावा लागला.

त्या इतिहासाचा एक धागा आपल्या नगरातूनच जातो. येथून रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे गेले की कलाभवन लागते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८९० साली ही संस्था सुरू झाली आणि तिच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. चित्रकला आणि छायाचित्रण यांचे शिक्षण त्यांनी येथे घेतले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. तो मूकपट होता. पण मूकपट म्हणजे नि:शब्द नाट्यगृह नव्हे. त्या काळी पडद्याजवळ तबला, पेटी, सारंगी घेऊन वादक बसत. कोठे कोठे कथानक मोठ्याने सांगणारा निवेदकही असे. चित्र मुके होते. प्रेक्षागृह मुके नव्हते. मनुष्याला हालते चित्र आवाजाविना पाहवत नाही, ही गोष्ट यंत्र येण्यापूर्वीच लोकांनी आपल्या वागण्याने सिद्ध केली होती.

१९३१ साली आर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय पडदा बोलू लागला. त्याच्या चित्रीकरणाची हकीकत रेल्वेच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस विशेष पटेल. त्यांचा स्टुडिओ रुळांनजीक होता आणि बाहेरचा आवाज अडविण्याची सोय नव्हती. मूकपटाला गाडीची अडचण नसते. बोलपटाला तिची एक शिट्टी पुरते. म्हणून गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर काम करावे लागे. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवीत आणि गाणे व वादन त्याच वेळी मुद्रित होई. दुर्दैव असे की, ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपला पहिला बोलपटच कायमचा मुका झाला आहे.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला. हरिश्चंद्राचीच कथा, परंतु १९१३ साली जो राजा हातवारे करून सत्यव्रत सांगत होता, तो आता गोविंदराव टेंब्यांच्या कंठातून बोलू लागला, आणि दुर्गाबाई खोट्यांची तारामती आपल्या स्वत:च्या आवाजात विलाप करू लागली. ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामले यांनी सांभाळली. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेल्या या कल्पक कारागिराने ते नवे शास्त्र मेहनतीने हस्तगत केले.

ते शास्त्र थोडक्यात असे. आवाजाच्या लहरींचे मायक्रोफोन विजेत रूपांतर करतो, त्या विजेनुसार प्रकाशाची एक रेघ कमीजास्त होते आणि ती रेघ फिल्मच्या कडेला छापली जाते. प्रक्षेपणाच्या वेळी त्या रेघेतून प्रकाश जातो, त्याची पुन्हा वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज. फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एखाद्या चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसून सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असतो. कारण चित्र भिंगासमोर क्षणभर थांबावे लागते, तर ध्वनी वाचणाऱ्या ठिकाणी फिल्म न थांबता वाहावी लागते. ज्यांना आपण एकजीव समजतो ते चित्र आणि तो आवाज मुळात वेगळ्या जागी राहतात. त्यांचा विवाह प्रेक्षकाच्या मनात लागतो.

हा विवाह लावणाऱ्या कारागिरांपैकी एकाचे नाव या कलेलाच पडले. अमेरिकेत युनिव्हर्सल कंपनीत जॅक फोली नावाचे गृहस्थ होते. १९२९ च्या ‘शो बोट’ या चित्रपटाला मागाहून ध्वनी जोडण्याची वेळ आली, तेव्हा पडद्यावर चित्र चालू असताना त्याकडे पाहत पाहत टाळ्या, पावले, हालचाली यांचे आवाज करून ते मुद्रित करण्याच्या कामात त्यांचा हात होता. ही रीत रूढ झाली आणि ‘फोली’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. तिचे मुख्य विभाग तीन: पावले, वस्त्रे आणि वस्तू. फोलीच्या खोलीत माती, खडी, फरशी, लाकूड यांचे लहान लहान चौकोन असतात. कलावंत पडद्यावरच्या पात्राची चाल पाहून तिच्याबरोबर पावले टाकतो. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वापरतात, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पावसासाठी फोडणीची चुरचुर चालते. कारण खरा पाऊस मायक्रोफोनसमोर पुष्कळदा नुसती खरखर होऊन उमटतो.

येथे कोणी विचारील की, ही फसवणूक नव्हे काय? मला तसे वाटत नाही. या सभागृहातील पंखे मी बोलावयास उभा राहिल्यापासून घरघरत आहेत. मी नाव घेईपर्यंत ते आपण ऐकले नव्हते. कान सगळे घेतो, मन त्यातून निवडते. मायक्रोफोनला मन नाही. तो सगळेच सारख्या निष्ठेने टिपतो. म्हणून निवडीचे काम माणसाला करावे लागते. करवंटी खोटी असेल, पण कोणती पावले ऐकवावयाची आणि कोणती नाहीत, ही निवड खरी असते. तिच्यातूनच कोणाच्या सुखदु:खाशी आपण उभे राहावयाचे ते ठरते. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे.

याचा उत्तम दाखला प्रभातनेच घालून दिला. १९३३ साली कंपनी पुण्यास आली आणि १९३७ साली व्ही. शांताराम यांनी नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ काढला. मामाने फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मनाने मान्य करावयास नकार देते, ही कथा. शांता आपटे यांची नीरा, केशवराव दाते यांचे काकासाहेब आणि संगीत केशवराव भोळ्यांचे. बोलपट म्हणजे गाण्यांची रेलचेल असा तो काळ. अशा वेळी शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत काढून टाकले आणि घरातले, रस्त्यावरचे, नैसर्गिक आवाज तेवढे ठेवले.

याचा परिणाम काय झाला तो पाहा. वाद्यवृंद हा प्रेक्षकाचा कैवारी असतो. कोठे रडावे, कोठे घाबरावे हे तो आधीच सांगून ठेवतो आणि रडून झाले की आपण मोकळे होतो. ‘कुंकू’त ही सोय नाही. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक चालू राहते. ती काकासाहेबांच्या सरत्या वयाची आहे आणि नीरेच्या वाया चाललेल्या तारुण्याचीही आहे. ती कोणाची, हे सांगावयास सतार येत नाही. त्या घरातील शांतता नीरेला जशी सोसावी लागते तशीच ती खुर्चीत बसलेल्या आपल्यालाही सोसावी लागते. गाण्याच्या साथीलाही चित्रातलाच ग्रामोफोन पुढे येतो. त्याच वर्षी आपल्या कलाभवनाचे विद्यार्थी दादासाहेब फाळके यांनी ‘गंगावतरण’ काढला. तो त्यांचा एकमेव बोलपट ठरला. मूकपटाचा जनक ज्या वर्षी बोलू लागला, त्याच वर्षी बोलपटाने मौनाची शक्ती ओळखली, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.

पुढे ही दृष्टी बरीचशी मावळली. बाहेरच्या जागी जाऊन चित्रीकरण वाढले. हातात धरता येणारे हलके कॅमेरे आले, परंतु ते स्वत:च आवाज करीत. त्यामुळे संवाद मागाहून स्टुडिओत भरण्याची पद्धत रूढ झाली. त्या पद्धतीत नटाचे शब्द परत येतात. त्याच्या भोवतालचे जग येत नाही. ते फोली कलावंताने एकेका पावलाने पुन्हा उभे करावयाचे. वेळ आणि पैसा नसला की ते उभे राहत नाही आणि ती पोकळी मग वाद्यांनी भरली जाते. आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ २००१ साली आला. कच्छच्या उघड्या माळावर शेकडो माणसांसह चित्रीकरण करूनही त्यातील संवाद जागेवरच मुद्रित केले होते. मोठ्या व्यावसायिक चित्रपटालाही ते शक्य आहे, हे त्याने दाखवून दिले. प्रभातच्या पुण्यातील वास्तूत १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. तेथेच शिकलेले रसूल पुकुट्टी यांना २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसमवेत ऑस्कर मिळाले.

परंतु ‘कुंकू’ची खरी वारस मला मराठीतच दिसते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याचे कुटुंब गावातील डुकरे पकडण्याच्या कामाला जुंपलेले असते. पाठलाग ऐन रंगात असता शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात. जब्या जागीच ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात. डुक्कर मात्र निसटून जाते. दिग्दर्शक एकही शब्द बोलत नाही. शाळेचा आवाज भिंत ओलांडून त्या मुलापर्यंत पोहोचतो. त्या मुलाचा आवाज शाळेपर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न आपल्या मनात आपोआप उभा राहतो. शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना हे दृश्य विसरणे मला शक्य नाही.

त्यांचाच ‘सैराट’ २०१६ साली आला. त्यातील अजय-अतुल यांचे संगीत हॉलिवूडमधील वाद्यवृंदाच्या साथीने मुद्रित झाले होते आणि गावोगावी चित्रपटगृहांत लोक त्यावर नाचले. मनाने निवडलेल्या जोडीदाराबरोबर संसार मांडणाऱ्या मुलीची ती कथा शेवटच्या दृश्यात येते आणि सारा आवाज बंद होतो. आईबापांची हत्या झालेली पाहून लहानगे मूल रडत बाहेर येते. त्याचे रडणे ऐकू येत नाही. जमिनीवर पावलांचे रक्ताळलेले ठसे उमटतात. पावले ऐकू येत नाहीत.

श्रोतेहो, पावलांचा आवाज हा फोली कलेचा पहिला धडा. तोच येथे जाणूनबुजून गाळला आहे. नाचणारे तेच प्रेक्षागृह या क्षणी स्वत:चा श्वास ऐकू लागते. ‘कुंकू’तील मुलीवर विवाह लादला गेला, ‘सैराट’मधील मुलीने तो स्वत: निवडला. मध्ये ७९ वर्षे गेली. दोन्हींकडे प्रश्न एकच आहे: या मुलीचे म्हणणे कोणी ऐकणार आहे काय? आणि दोन्ही दिग्दर्शकांनी त्या प्रश्नापाशी येऊन वाद्ये खाली ठेवली. आपले ऐकणे अडविणारा गोड आवाज त्यांनी दूर केला. ध्वनीच्या कलेचे याहून मोठे कार्य मला ठाऊक नाही.

शाळेत आम्हांला चित्र कसे पाहावे हे शिकविले गेले. ऐकावे कसे, हे मात्र फारसे कोणी शिकविले नाही. ‘गप्प बसा’ ही आज्ञा पुष्कळदा मिळे, पण ती ऐकण्यासाठी आहे असे क्वचितच कोणी सांगे. येथे बसलेल्या गुरुजनांना माझी नम्र सूचना आहे की, वर्षातून एखादा तास मुलांना एकच चित्रदृश्य दोनदा दाखवावे, एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून; मग काय हरवले ते त्यांनाच विचारावे. ज्या मुलाला पडद्यावरच्या पावलांतला फरक कळू लागेल, त्याला वर्गातील शेवटच्या बाकावरचे न बोलणेही पुढेमागे ऐकू येईल, अशी माझी श्रद्धा आहे.