खून कमी झाले म्हणजे नक्की काय झालं? कोलंबियाच्या तीन शहरांचा इतिहास



'विकसनशील देशांतील गुन्हेगारीचे सामाजिक व आर्थिक परिणाम' या धर्तीच्या विषयावर पीएचडी करायची इच्छा असणारे बरेच जण असतात. विषय चांगलाच आहे. पण आराखडे वाचले की एक साचा दिसतो. आधी आलेख, मग वर चढलेली रेषा, मग सरकारने केलेला उपाय, मग खाली आलेली रेषा आणि शेवटी 'उपाय यशस्वी' हा निष्कर्ष. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमकं इथेच थांबायला हवं. रेषा खाली आली हे खरं, पण ती कोणी मोजली, कशामुळे उतरली आणि त्या रेषेत काय आलंच नाही?

हे तीन प्रश्न समजून घ्यायला कोलंबियातली काली, बोगोता आणि मेदेयीन ही तीन शहरं फार उपयोगाची आहेत. जगभरच्या अहवालांत त्यांची उदाहरणं यशोगाथा म्हणून येतात. यश होतंच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

थोडी पार्श्वभूमी

गुन्हेगारीच्या अभ्यासात खुनाचा दर दर लाख लोकसंख्येमागे सांगतात. भारतात तो अलीकडे ३ च्याही खाली आहे. मेदेयीनमध्ये १९९१ साली तो सुमारे ३८० होता! अमली पदार्थांच्या टोळ्या, गनिमी संघटना आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या खासगी सशस्त्र फौजा यांच्या कचाट्यात अख्खा देश सापडला होता.

याच काळात एक राजकीय बदल झाला. १९८८ पासून कोलंबियात महापौर थेट लोकांमधून निवडून येऊ लागले आणि १९९१ च्या राज्यघटनेने शहरातल्या पोलिसांवर महापौरांना अधिकार दिला. त्यामुळे 'माझ्या शहरात माणसं मरतायत, मी काय करणार?' हा प्रश्न पहिल्यांदाच स्थानिक निवडणुकीचा प्रश्न झाला. हा बदल लक्षात घेतला नाही, तर पुढचे सगळे प्रयोग एकेका हुशार माणसाच्या डोक्यातून निघाले असंच वाटत राहतं.

काली: मोजणी कोणाची?

१९९२ मध्ये रॉद्रिगो गेर्रेरो कालीचे महापौर झाले. ते डॉक्टर, त्यातही साथरोगतज्ज्ञ. कालीतला खुनाचा दर १९८३ मधल्या सुमारे २३ वरून १९९१ पर्यंत ९० च्या पुढे गेला होता. सगळे म्हणत होते, 'हे ड्रग्जवाल्यांचं काम, आपल्या हातात काही नाही.' गेर्रेरोंनी कॉलऱ्याच्या साथीत विचारतात तेच प्रश्न विचारले. कोण मरतंय? कुठे, कोणत्या वारी, कशाने?

पण उत्तर द्यायला धड आकडेच नव्हते. पोलिसांचा आकडा वेगळा, न्यायवैद्यक विभागाचा वेगळा, सरकारी वकिलांचा तिसराच. म्हणून आधी या सगळ्यांना दर आठवड्याला एका टेबलाभोवती बसवलं आणि एकेक मृत्यू ताडून एकच यादी केली. यात दिसलं की बहुतेक खून बंदुकीने होतात, ते शनिवार-रविवारी, सुट्टीला आणि पगाराच्या दिवसांच्या आसपास वाढतात, आणि अनेक मृतांनी दारू प्यायलेली असते. मग नेमक्या त्या दिवसांपुरती परवाना असलेली बंदूकही बाहेर नेण्यावर बंदी आली.

ही बंदी ठरावीक दिवसच असायची. त्यामुळे बंदीचे दिवस आणि बिनबंदीचे दिवस यांची तुलना करता आली. २००० साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. बंदीच्या दिवशी खुनाचा दर कालीत सुमारे १४ टक्के आणि बोगोतात सुमारे १३ टक्के कमी होता. आकडा लहान दिसतो, पण त्यामागची तुलना भक्कम आहे.

आता दुसरी बाजू. कोलंबियाचेच अर्थतज्ज्ञ मौरिसियो रूबिओ यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात एक बोचरा मुद्दा मांडला. जिथे हिंसा सर्वांत जास्त, तिथेच तपास सर्वांत कमी होतो, कारण साक्षीदार घाबरतात आणि प्रकरणं पुढे सरकतच नाहीत. मग खुनामागचं कारण ज्यांत नोंदवलेलं आहे, त्या थोड्या प्रकरणांवरून 'ही तर दारूतली भांडणं' असं कसं म्हणायचं? 'कारण अज्ञात' हा रकाना रिकामा आहे असं समजू नका. कधी कधी टोळीची सगळ्यात मोठी खूण त्याच रकान्यात असते.

बोगोता: श्रेय कोणाचं?

१९९५ मध्ये गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आंतानास मोकुस बोगोताचे महापौर झाले. त्यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आणणाऱ्याची ते खिल्ली उडवायचे. बार रात्री एक वाजता बंद करायचा नियम आला. त्याला लोकांनी 'गाजर कायदा' असं नाव दिलं, कारण तिथल्या बोलीत सरळमार्गी, न पिणाऱ्या माणसाला गाजर म्हणतात. लोकांनी स्वखुशीने जमा केलेल्या बंदुका वितळवून लहान मुलांचे चमचे बनवले. बोगोतातला खुनाचा दर १९९३ मध्ये सुमारे ८० होता, तो २००३ पर्यंत सुमारे २३ वर आला.

भाषणात सांगायला ही गोष्ट झकास आहे. पण तारखा नीट बघा. दर सर्वांत जास्त होता १९९३ मध्ये आणि मोकुस खुर्चीवर बसले जानेवारी १९९५ मध्ये. म्हणजे उतार आधीच सुरू झाला होता. १९९३ मध्ये राष्ट्रीय पोलीस दलाच्या सुधारणेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाब्लो एस्कोबार मारला गेला. मोकुस यांच्या दोन कार्यकाळांच्या मधले महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी पदपथ, बागा, वाचनालयं आणि बससेवेवर भर दिला. यातल्या कशाचा वाटा किती, हे एका रेषेवरून सांगता येत नाही. मोकुस यांचं काम यामुळे छोटं होत नाही. उतार दहा वर्षं टिकला, मधे महापौर बदलले तरी टिकला, हेच कदाचित जास्त महत्त्वाचं आहे. सुरुवात कोणी केली यापेक्षा सातत्य कसं राहिलं, हा प्रश्न संशोधनासाठी जास्त कसदार आहे.

मेदेयीन: शांतता कोणाची?

मेदेयीनमध्ये २००४ साली डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना शहराच्या मेट्रोशी जोडणारी केबल कार सुरू झाली. महापौर सेर्हिओ फाहार्दो यांच्या काळात याच वस्त्यांत वाचनालयं आणि शाळा उभ्या राहिल्या. २०१२ च्या एका अभ्यासात केबल कार आलेल्या वस्त्या आणि न आलेल्या तशाच वस्त्या यांची तुलना केली. पहिल्या गटात खुनाच्या दरातली घट ६६ टक्क्यांनी जास्त निघाली. इथे तुलनेसाठी दुसरा गट आहे, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

पण याच वर्षांत आणखी काहीतरी घडत होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये लष्कर आणि पोलिसांनी 'कोमुना १३' या वस्तीत मोठी कारवाई करून गनिमांना हुसकावलं. त्यानंतर वस्तीवर ताबा आला तो दिएगो मुरियो ऊर्फ 'दॉन बेर्ना' या टोळीप्रमुखाच्या माणसांचा. शहरातल्या टोळ्या एकाच माणसाच्या मुठीत आल्या. एकच दादा असेल तर आपसातली भांडणं थांबतात आणि खून घटतात. दुकानदार आणि बसवाले यांच्याकडून होणारी हप्तावसुली मात्र चालूच राहते. मे २००८ मध्ये दॉन बेर्नाला अमेरिकेच्या ताब्यात दिलं, वारसाहक्काची लढाई पेटली आणि २००९ पर्यंत खुनाचा दर २००७ च्या दुपटीहून वर गेला. केबल कार तर तेव्हाही चालूच होती.

आणि जे लोक गायब झाले त्यांचं काय? ज्याचं प्रेत सापडत नाही, तो खुनाच्या तक्त्यात येतच नाही. कोमुना १३ मधल्या आया वीस वर्षांहून जास्त काळ सांगत होत्या की आमची मुलं वरच्या 'ला एस्कोम्ब्रेरा' या राडारोडा टाकायच्या जागेत पुरलेली आहेत. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या खोदकामात पहिल्यांदा मानवी अवशेष मिळाले. म्हणजे ज्या वर्षांत आलेख खाली येत होता, त्या वर्षांचा एक हिस्सा मातीखाली होता. या बायका कुठल्याही विभागाच्या नोंदीपेक्षा चांगला पुरावा सांभाळून बसल्या होत्या. मौखिक इतिहासाला 'पूरक साधन' म्हणून शेवटच्या प्रकरणात ढकलणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आर्थिक किंमत: १४ की साडेतीन?

१९९९ च्या सुमारास गेर्रेरो आणि अर्थतज्ज्ञ हुआन लुईस लोंदोन्यो यांनी हिशोब मांडला, की हिंसेमुळे लॅटिन अमेरिकेचं नुकसान सकल उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के होतं. २०१७ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अहवालाने ते जास्तीत जास्त ३.५५ टक्के सांगितलं. मग हिंसेची किंमत चौपटीने उतरली का? तसं म्हणता येणार नाही. पहिल्या हिशोबात भीती, हुकलेली गुंतवणूक, सुरक्षिततेसाठी लोक मोजायला तयार असलेली रक्कम असं बरंच काही होतं. दुसऱ्यात पोलीस, तुरुंग, खासगी सुरक्षा आणि बळी व कैदी यांचं बुडालेलं उत्पन्न असा मोजका, हात आखडून केलेला जमाखर्च होता. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवून 'घट झाली' असं लिहिलं, तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

तुमच्या आराखड्यासाठी

भारतीय आकडे वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो. खुनासोबत बलात्कार असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो. म्हणून आकडे घेण्याआधी त्या अहवालातलं मोजणीच्या पद्धतीचं प्रकरण वाचा. कंटाळवाणं असतं, पण वाचाच. मग आपल्या आराखड्यात तीन छोटे परिच्छेद घाला: हा आकडा कोणत्या कार्यालयात, कशासाठी तयार झाला, घट उपायाच्या आधी सुरू झाली होती की नंतर, आणि गायब झालेली माणसं, हप्ते, न नोंदवलेल्या तक्रारी यांतलं काय या आकड्यात येऊच शकत नाही.

तिसरा परिच्छेद लिहायला सर्वांत अवघड जातो, कारण त्यासाठी कार्यालयाबाहेर पडून माणसांशी बोलावं लागतं. पुढच्या लेखात त्याबद्दलच लिहिणार आहे: भीतीखाली जगणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेताना त्यांचं नाव आणि जीव दोन्ही कसं जपायचं. तुमच्या विषयात असा एखादा 'अज्ञात' रकाना असेल तर खाली जरूर कळवा.