पद्मिनीला निरोप : रत्नागिरीच्या अंगणातील एका मोटारीचा इतिहास

🧵 रत्नागिरी परिसरातील अनेक जुन्या घरांच्या पडवीशेजारी, ताडपत्रीखाली, एक मोटार उभी असते. ती वर्षानुवर्षे चाललेली नसते, तरीही भंगारवाल्याला द्यायला कोणाचा हात धजत नाही. बहुधा ती ‘प्रीमियर पद्मिनी’ असते. घरातल्यांच्या तोंडी मात्र ‘फियाट’च. तिला निरोप देण्यापूर्वी तिची कुळकथा जाणून घेऊ.

१/ कथा सुरू होते सोलापुरात. तेथे १८८२ मध्ये वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. रेल्वेची बांधकामे घेणाऱ्या या ठेकेदाराने १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. पुढे विमाने, जहाजबांधणी आणि मोटारी या तिन्ही उद्योगांत त्यांनी हात घातला.

२/ येथे कोकणाचा एक धागा जुळतो. मुंबईहून रत्नागिरीकडे आगबोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी कालांतराने सिंदियाच्याच ताब्यात आली. चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढत. बोट बंदराबाहेर समुद्रातच थांबे आणि माणसे होडीतून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. ज्या उद्योगसमूहाच्या बोटीने एक पिढी गावी आली, त्याच समूहाच्या मोटारीने पुढची पिढी आली.

३/ प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. १९५० नंतर इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. ज्या ‘फियाट ११००’ने कंपनीचे नाव घरोघरी पोहोचवले, ती कुर्ल्यात तयार होऊ लागलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

४/ त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवले : येथे सुटे भाग घडवण्याचा कार्यक्रम नसेल, तर नुसती जुळणी करता येणार नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले येथील काम आवरले. पुढची तीन दशके मध्यमवर्गापुढे मुख्यतः तीनच नावे राहिली : उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट.

५/ उत्पादन थोडे, वाटप व किंमत यांवर सरकारी नियंत्रण. त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाडी दारात येणे हा घरातील लग्नकार्याइतका मोठा प्रसंग ठरे, तो यामुळेच. ‘आमच्या आजोबांची गाडी’ या शब्दांमागे पैशाइतकीच प्रतीक्षाही असते.

६/ फियाटबरोबरचा करार संपल्यावर गाडीचे नाव बदलले : आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’, चितोडच्या राणीच्या नावावरून. यंत्र तेच, १०८९ घन सेंटिमीटरचे. लोकांनी कागदावर नवे नाव स्वीकारले. बोलण्यात मात्र जुनेच ठेवले.

७/ या गाडीच्या कामगारांतही कोकण होते. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी या पट्ट्यातील कारखान्यांत रत्नागिरीची माणसे मोठ्या संख्येने राबली. प्रीमियरच्या कामगारांचे नेतृत्व केलेले डॉ. दत्ता सामंत हे मालवणजवळच्या देवबागचे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वी ते गाव रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

८/ आता रस्त्याकडे वळू. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण खुली होईपर्यंत गावची वाट म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. कर्नाळा, कशेडी, भोस्ते, परशुराम अशी खिंडी-घाटांची माळ ओलांडली, की हातखंब्याला उजवीकडे वळून रत्नागिरी. गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्याने पुढे सलग आसन होते. तेथे तिघे बसत, मागे चौघे, आणि टपावरच्या कॅरिअरवर जाताना ट्रंका, येताना आंब्याच्या पेट्या.

९/ घाटात रेडिएटर उकळे. उन्हाने तापलेल्या पेट्रोलपंपात इंधनाची वाफ कोंडे आणि गाडी बंद पडे. त्यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे पंपावर ओले फडके ठेवून झाडाखाली थांबणे. सकाळी चोक किती ओढायचा, हे ज्याला त्याला आपल्याच गाडीपुरते कळे. घरातील माणसाचा स्वभाव ओळखावा, तशी ही ओळख होती.

१०/ १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि काळ बदलला. प्रीमियरने ‘११८ एनई’ आणली, प्यूजोशी भागीदारी केली, पद्मिनीत डिझेल यंत्र बसवले. पण बाजार निसटला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले.

११/ मुंबईत ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने आणखी जगली. तेथील टॅक्सींना २० वर्षांची कमाल मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ हा पद्मिनी टॅक्सीविना उजाडलेला मुंबईचा पहिला दिवस ठरला. साऱ्या देशातील वृत्तपत्रांनी तिचे मृत्युलेख लिहिले.

१२/ येथेच एक गैरसमज पसरला, की पद्मिनी आता बेकायदा झाली. ती मर्यादा टॅक्सीची होती. महाराष्ट्रात खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. तपासणीत गाडी योग्य ठरली, तर दर ५ वर्षांनी नूतनीकरण होऊ शकते. मात्र शुल्क चढत गेले : २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ऐवजी ५,००० रुपये, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये.

१३/ रत्नागिरीत मात्र गाडीचा खरा शत्रू नियम नसून हवा आहे. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा धुवांधार पाऊस लोखंड सोडत नाहीत. त्यातच पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. तळाचा पत्रा आणि सांगाडा एकच. त्यामुळे पायाखालचा पत्रा गंजला, की गाडीचा कणाच गंजला असे समजावे. वरचा रंग चकचकीत असलेली गाडीही तपासणीत नापास होते, ती यामुळे.

१४/ तरीही दैवयोग पाहा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या, बिगर-व्यावसायिक गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. १९७४ मध्ये ५० मिळवले की २०२४. ज्या सुमारास मुंबईत शेवटची टॅक्सी गेली, त्याच सुमारास सर्वांत जुन्या पद्मिनी ‘वारसा’ ठरण्याच्या वयात आल्या.

१५/ या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये; क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, देखभाल, इंधन भरणे अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. आणि अट कडक आहे : सांगाडा, बाह्य ढाचा वा यंत्र यांत मोठा फेरफार नको. पेट्रोल परवडेना म्हणून ज्यांनी डिझेल यंत्र बसवून घेतले, त्यांना हे दार बंद होण्याचीच शक्यता अधिक.

१६/ म्हणून भंगाराचा भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : आरसी पुस्तकातील उत्पादनाचे वर्ष, यंत्र मूळचे आहे का, आणि चटई उचलून तळाचा पत्रा. तिन्ही अनुकूल असतील, तर गाडी वाचवण्याजोगी आहे.

१७/ आणि नसतील, तर निरोपही रीतसर द्यावा. नोंदणीकृत भंगार केंद्राकडे गाडी सोपवून तेथील प्रमाणपत्र घ्यावे, आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी. तसे न केल्यास गाडी नाहीशी होते, पण तिच्या क्रमांकाची जबाबदारी आजोबांच्या नावावर उरते.

१८/ कुर्ल्याच्या कारखान्याच्या जमिनीवर आज निवासी वसाहत आहे. आगबोटी गेल्या, टॅक्सी गेल्या. रांगेत नाव लावून मिळवलेली आणि कशेडीच्या चढावर ओले फडके मागणारी गाडी ज्यांना आठवते, त्या पिढीचे वय आता सत्तरीपुढे आहे. गाडी ठेवा अथवा द्या. त्यांच्याकडून तिची हकीकत मात्र आत्ताच लिहून घ्या, नोंदणीच्या सालासह. पत्रा गंजतो, तशी आठवणही.

आपल्या घरच्या ‘फियाट’ची हकीकत खाली अवश्य लिहावी. 🙏