बदलापूर-अंबरनाथच्या पोरांचं कॉलेज लाईफ रेल्वेचा पास का ठरवतो?

कॉलेज लाईफ म्हटलं की डोळ्यांपुढं रुईयाचा कट्टा येतो, झेवियर्सचा मल्हार येतो. पण मुंबई विद्यापीठाची हद्द पार सिंधुदुर्गापर्यंत आहे आणि त्यातली कितीतरी कॉलेजं छोटी आहेत. एखादी इमारत, पुढं थोडं पटांगण, हॉस्टेल नाहीच. कल्याणच्या पुढच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात तर दोस्तीचा हिशोब थेट लोकलच्या पासवर येऊन थांबतो.

कसा ते बघा. विद्यार्थ्यांना सीझन तिकीट निम्म्या दरात मिळतं. त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म घ्यावा लागतो. मेख अशी की सवलत घराजवळचं स्टेशन ते कॉलेजजवळचं स्टेशन एवढ्याच टप्प्याला असते. बदलापूरची पोरगी उल्हासनगरला शिकत असेल तर मध्ये येतं फक्त अंबरनाथ. ग्रुपमध्ये कुणी मरीन ड्राइव्हचा विषय काढला की पुढचं तिकीट आलं. बदलापूर ते सीएसएमटी अंतर ६८ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास गेले. त्यात कल्याणच्या पुढं कर्जत लाईनवर गाड्या विरळ. ठरलेली लोकल चुकली की घरी उत्तर द्यावं लागतं, आणि मुलींना जरा जास्तच.

पावसाळ्यात तर विचारायलाच नको. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. म्हणून आभाळ भरून आलं की इथं लेक्चरपेक्षा गाडीची चौकशी आधी होते.

मग भेटायचं कुठं? जे पासात बसतं तिथं. स्टेशनचा पूल, वडापावची गाडी, अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर. बदलापूरजवळचा कोंडेश्वर धबधबाही सगळ्यांना खुणावतो, पण तिथं बुडून जीव गेलेत आणि पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं. बंदी मोडून रील काढायला जाणं ही मजा नव्हे.

उल्हासनगरची गोष्ट थोडी वेगळी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभं राहिलं. १९६५ चं सीएचएम कॉलेज तर स्टेशनच्या समोरच आहे, आणि ते काही छोटं नाही. इथल्या वर्गात सिंधी, आगरी, घाटावरची, उत्तर भारतीय अशी सगळी पोरं एकत्र असतात. डब्यातल्या भाकरीच्या बदल्यात दाल पकवान, हा व्यवहार मुंबईतल्या भल्याभल्या कॅन्टीनमध्ये होत नाही.

पलीकडच्या मुरबाड तालुक्यात तर रेल्वेच नाही. तिथल्या कॉलेजांचा दिवस एसटीवर चालतो. शेवटच्या तासाला फळ्यापेक्षा घड्याळाकडे नजर जास्त असते.

कॉलेजच्या आत काय, तर गॅदरिंग आणि डेज. पूर्वी निवडणुकाही व्हायच्या. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याची हत्या झाली आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद परत आली, २०१९ ला वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीमुळं ते पुढं ढकललं गेलं. छोट्या कॉलेजला याचा फटका जास्त बसला. मोठ्या कॉलेजात फेस्टिव्हल, स्पॉन्सर, क्लब असे दहा रस्ते असतात. इथं वर्गाबाहेर चार पोरांना एकत्र आणणारी ती एक गोष्ट होती.

उरली एनएसएस. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. कागदावर हे श्रमदान, बंधारा, सर्वेक्षण. पण रोज गाडी गाठायला पळणाऱ्या पोरांसाठी हे सात दिवस वेगळेच असतात. पहाटे पाण्याच्या रांगेत उभं राहायचं, चाळीस जणांचा भात करपवायचा, रात्री शेकोटीपाशी अंताक्षरी. एका बाकावर बसूनही वर्षभर न बोललेली दोन माणसं इथं पहिल्यांदा बोलतात, कारण कुणालाच ६.१२ पकडायची नसते.

अडचण एवढीच की सकाळी कॉलेज आणि दुपारी काम करणाऱ्यांना सात दिवसांची सुट्टी मिळत नाही. मुलींच्या बाबतीत घरून पहिला प्रश्न येतो, सोबत मॅडम कोण आहेत? महिला कार्यक्रम अधिकारी येणार असतील, त्या स्वतः घरी फोन करणार असतील, तर होकार लवकर मिळतो.