बाहुलीच्या केसांची कैफियत

ज्या अवयवामुळे एखादे खेळणे मुलांच्या मनात भरते तोच अवयव त्यांच्या हाती सर्वांत आधी निकामी होतो, हा अनुभव बाहुल्यांच्या बाबतीत तरी निरपवाद आहे. आमच्या लाकडी ठकीला ही अडचण कधी आली नाही. चिताऱ्याने तिच्या मस्तकावर काळ्या रंगाचा एक जाड फराटा ओढला की तिची केशभूषा जन्माची झाली, आणि भातुकलीत तिला दिवसातून चारदा न्हाऊ घातले तरी फार तर रंगाचा एखादा पोपडा उडे. परंतु जिचे केस विंचरता येतात, सोडता येतात आणि पुन्हा बांधता येतात, त्या बाहुलीचे केस आज ना उद्या गुंततात, झडतात, किंवा ‘वाढतील पुन्हा’ अशा निरागस भरवशावर कात्रीखाली जातात. अशा रीतीने बोडकी किंवा झिपरी झालेल्या जुन्या फॅशन-बाहुलीच्या मस्तकात नवे केस रोवून तिचे मूळचे रूप तिला परत देण्याची जी कारागिरी अमेरिकेत व युरोपात संग्राहकांच्या आश्रयाने वाढली, तिची हकीकत पोरखेळाची वाटली तरी तिच्यात कारखानदारीचा बराच इतिहास आणि सचोटीचा एक नाजूक प्रश्न गुंतलेला आहे.

फॅशन-बाहुली हा प्रकार मुळात मुलांसाठी नव्हताच. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसच्या शिंपिणी आपल्या नव्या पोशाखांचे नमुने बाहुल्यांच्या अंगावर चढवून लंडनपासून इतर दरबारांपर्यंत पाठवीत, आणि पोशाखाबरोबरच त्या मोसमातील केशरचनाही त्या बाहुलीच्या डोक्यावरून परदेशी रवाना होई. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामध्ये युद्ध चालू असतानाही या निर्जीव वकिलातीला शत्रूच्या मुलखातून जाण्याचा परवाना मिळे, असे त्या काळच्या लेखनात नमूद आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ह्यूरे, जुमो, ब्रू प्रभृती कारखान्यांनी चिनी मातीच्या मुखांच्या ज्या उंची बाहुल्या घडवल्या, त्यांच्या पोकळ मस्तकावर बुचाच्या लाकडाची टोपी बसवून तिच्यावर अंगोरा बकरीच्या लोकरीचा किंवा माणसाच्या केसांचा टोप चिकटवलेला असे. टोप खराब झाला की दुसरा आणावा, इतका तो मामला सोपा होता.

केस रोवण्याची खरी पूर्वपीठिका मात्र पॅरिसमध्ये नसून लंडनच्या मेणकामगारांकडे आहे. पिएरोत्ती आणि मोंतानारी या घराण्यांच्या मेणाच्या बाहुल्यांत केसांचे बारीक पुंजके तापवलेल्या सुईने किंवा पात्याने मेणात एकेक करून बसवीत आणि वरून मेण दाबून मुळे घट्ट करीत. क्वचित भुवया आणि पापण्यादेखील अशाच रोवीत. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ऑगस्टा मोंतानारी या बाईंना पदक मिळाले, आणि त्यांच्या बाहुल्यांची किंमत, अंगावर वस्त्र नसतानाच, १० पासून १०५ शिलिंगांपर्यंत होती, यावरून या हस्तकौशल्याची कदर कोणत्या थरातील गिऱ्हाइके करीत असावीत, याची कल्पना येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिनाइलच्या बाहुलीचा जीर्णोद्धार करणारी बाई टेबलावरील दिव्याखाली जे करते, ते तत्त्वतः या मेणकामगारांचेच काम आहे. बदलला आहे तो केवळ केस आणि मस्तक यांचा जिन्नस.

तो जिन्नस बदलला त्याचे श्रेय रसायनशाळांकडे जाते. १९३३ साली डाऊ केमिकल कंपनीत काचेची भांडी धुण्याचे काम करणाऱ्या राल्फ वायली नावाच्या तरुणाला एका भांड्याच्या तळाशी काही केल्या न सुटणारा एक राप आढळला, आणि त्यातूनच पुढे सरान हे प्लॅस्टिक निघाले. मोटारींच्या बैठकांची आच्छादने आणि खिडक्यांच्या जाळ्या विणता विणता त्याचा धागा बाहुल्यांच्या डोक्यापर्यंत पोचला. दुसरीकडे १९४९ मध्ये आयडियल कंपनीने टोनी नावाची जी बाहुली विकावयास आणली, तिच्या डोक्यावर नायलॉनचा टोप होता आणि तिच्याबरोबर केस कुरळे करण्याचे लुटुपुटीचे साहित्य मिळे, ज्याचे द्रावण साखर-पाण्याचे असे. मुलींनी ते केस धुतले, गुंडाळले, पुन्हा धुतले, आणि बाहुलीचे केस हे पाहण्यापुरते नसून उलाढाल करण्यासाठी आहेत, असा एक नवा करार बाहुलीवाले आणि मुली यांच्यामध्ये न बोलता झाला. तथापि टोनीचे मस्तक कठीण प्लॅस्टिकचे असल्याने केस चिकटवावेच लागत. पन्नासच्या दशकात मऊ व्हिनाइलची मस्तके आली तेव्हा त्यांच्यातून यंत्राची सुई आरपार जाऊ लागली, आणि भाताच्या लावणीत रोपांच्या ओळी लागाव्यात तशा केसांच्या ओळी थेट टाळूत लागू लागल्या.

या संक्रमणाची रेषा दोन बाहुल्यांच्या मध्ये अगदी स्पष्ट दिसते. जर्मनीत ‘बिल्ड’ या वृत्तपत्रातील व्यंगचित्रांवरून १९५५ साली निघालेली लिली ही बाहुली मोठ्या माणसांच्या थट्टेचा विषय म्हणून तंबाखूच्या दुकानांतूनही विकली जाई. तिचे केस मस्तकात रोवलेले नसून टाळूचा एक वेगळा तुकडा केसांसकट आतल्या धातूच्या स्क्रूने वर बसवलेला असे. ही लिली मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रवासात पाहिली, विकत घेतली, आणि तिच्यावरून जी बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडली गेली, तिच्या व्हिनाइलच्या मस्तकात सरानचे केस प्रत्यक्ष शिवलेले होते. किंमत तीन डॉलर, उंची साडेअकरा इंच, केस सोनेरी किंवा काळसर, कपाळावर घट्ट कुरळी झुलपे आणि मागे उंच बांधलेले पोनीटेल, असा तिचा थाट होता. तिची घडण जपानात होत असे आणि तिचे कपडे तेथील गृहिणी घरबसल्या शिवीत; पहिल्या वर्षी सुमारे साडेतीन लाख बार्बी खपल्या. म्हणजे ज्याला आज अमेरिकन स्त्रीच्या केशभूषेचा नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवतात, तो जर्मन कल्पनेतून निघून जपानी कारागिरांच्या हातांनी सिद्ध झालेला होता. कोणत्याही देशाच्या अस्सल वस्तूची कुळकथा उकरू लागले की बहुधा असेच काहीतरी हाती लागते.

पुढील आठ-दहा वर्षे ही मॅटेलच्या केशप्रकरणातील सर्वांत चैतन्यमय वर्षे होत. १९६१ मध्ये जॅकलिन केनेडी यांच्या धाटणीची आठवण करून देणारा, फुगवलेल्या आखूड केसांचा ‘बबल कट’ आला. त्याच वर्षी आलेल्या केनच्या, म्हणजे बार्बीच्या मित्राच्या, डोक्यावर लवेसारखे मखमली केस होते, परंतु पाणी लागताच ते निघून जाऊ लागले आणि पुढल्याच वर्षी त्या गृहस्थाला साच्यातले केस पत्करावे लागले. १९६३ च्या ‘फॅशन क्वीन’ बार्बीला साच्यातले केस आणि वर बदलायला तीन टोप मिळाले, जणू जुमोच्या काळाकडे कंपनीने क्षणभर वळून पाहिले! १९६६ ची ‘कलर मॅजिक’ तर रसायनशास्त्राचा खेळच होती; पुडीतले द्रावण लावले की तिचे सोनेरी केस तांबडे आणि काळे केस माणकाच्या रंगाचे होत, व दुसरे द्रावण लावले की पूर्ववत. निदान पूर्ववत होणे अपेक्षित होते; कित्येक बाहुल्यांचे केस तांबड्या रंगातच कायमचे अडकून बसले. यानंतर १९६७ मध्ये कंपनीने असा फतवा काढला की जुनी बार्बी आणि दीड डॉलर आणून देणाऱ्या मुलीस कंबरेत वळणारी नवी बार्बी मिळेल. असंख्य मुलींनी आपल्या झिपऱ्या बाहुल्या दुकानात जमा केल्या. संग्राहक आजही या योजनेचे नाव काढताच हळहळतात, आणि ती हळहळ रास्त आहे.

नंतरच्या काळाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. १९७३ च्या ‘क्विक कर्ल’ बार्बीच्या केसांत बारीक तारा घातलेल्या होत्या, त्यामुळे कुरळे पटकन होत आणि काही वर्षांनंतर केस तितक्याच पटकन राठ होत. १९९२ ची ‘टोटली हेअर’ ही पायघोळ केसांची बाहुली एक कोटीहून अधिक खपली. विक्रमाखेरीज तिच्यात कौतुकाचे काही मला दिसत नाही.

पहिल्या पिढीच्या बाहुल्या म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्याशी खेळलेल्या मुली पन्नाशीला टेकल्या, आणि माळ्यावरच्या खोक्यांतून त्या बाहुल्या बाहेर निघू लागल्या तेव्हा जीर्णोद्धाराचा धंदा आपोआप उभा राहिला. बाहुल्यांची दुरुस्ती करणारी इस्पितळे युरोपात पूर्वीपासून होतीच. लिस्बनमधील १८३० साली स्थापन झालेले इस्पितळ अजून चालू आहे. परंतु व्हिनाइलमध्ये केस रोवणे हे काम बव्हंशी हौशी स्त्रियांनी आपापल्या स्वयंपाकघरांत, कढत पाणी आणि चिमटा यांच्या साहाय्याने, एकमेकींना विचारीत सिद्ध केले.

या कामाची रीत अशी आहे. प्रथम मस्तक कढत पाण्यात धरून किंवा गरम हवेने शेकून मऊ करतात, कारण थंड अवस्थेत ओढले तर आतील मानेची खुंटी तुटते आणि बाहुली कायमची जायबंदी होते. मग उरलेसुरले केस मुळाशी कातरून मस्तकाच्या आतल्या बाजूने लांब नाकाच्या चिमट्याने एकेक पुंजका उपटतात. आत पाहिले तर यंत्राने घातलेल्या टाक्यांची बुडे ओळीने दिसतात. रिकामी भोके दिसू लागली की त्या मस्तकाचा जणू नकाशाच समोर येतो: भांग कोठे होता, भोवरा कोठे, कपाळावरची ओळ किती दाट होती. पोनीटेलच्या बाहुलीत केस मुख्यतः कडेने लावलेले असतात आणि बबल कटमध्ये ते सर्व टाळूभर असतात, हे या नकाशावरून कळते. म्हणून जाणकार माणूस केसांवर विश्वास ठेवीत नाही, भोके मोजतो. नवे केस लडीने विकत मिळतात. लडीतून मोजका पुंजका घेऊन, मध्यावर दुमडून, डोळा अर्धा कापून दुबेळकी केलेल्या सुईने तो जुन्याच भोकात लोटतात. सुई परत येते, केस आत राहतात. काही जणी पुंजक्याला गाठ मारून तो आतून बाहेर ओढतात. त्यात वेळ दुप्पट लागतो, पण केस उपटून येत नाहीत. शेवटी मस्तकाच्या आत डिंकाचा पातळ हात फिरवतात. जुने व्हिनाइल कडक झालेले असेल तर दोन भोकांमधील पडदा फाटून एकच भगदाड होते, आणि मग सर्व श्रम वाया जातात. त्यामुळे अधूनमधून मस्तक पुन्हा गरम करणे भाग असते. सरासरी मस्तकात शेकडो भोके असतात, यावरून या व्यवसायात घाईला का थारा नाही, ते वाचकांनी ताडावे.

रोवणी ही मजुरी, केशरचना ही विद्या. प्लॅस्टिकचा धागा उष्णतेने नरम होतो आणि ज्या आकारात थंड होईल तो आकार धरतो, या एका गुणावर सर्व मदार असते. ओले केस विंचरून, बारीक नळीवर टोकापासून मुळापर्यंत समतोल ताणाने गुंडाळून, वर पातळ कागदाची पट्टी बांधून, त्यांच्यावर कढत पाणी ओततात आणि पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. प्रत्येक धाग्याची सोसण्याची मर्यादा निराळी असल्यामुळे शहाणी कारागीर आधी एका सुट्या बटेवर प्रयोग करते. १९५९ च्या बार्बीची कपाळावरची झुलपे हे या विद्येचे कसोटीस्थान आहे. तिथे एक वळण सैल पडले की चेहरा त्या बाहुलीचा राहत नाही. शिवाय केस धुताना जुन्या धातूच्या डुलांमुळे कानाभोवती चढलेला हिरवा डाग पाण्याने पसरू नये, याची खबरदारी घ्यावी लागते.

आता सचोटीच्या प्रश्नाकडे वळू. मूळचे केस, मग ते विरळ का असेनात, नव्या केसांपेक्षा बाजारात अधिक किंमत मिळवतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. कारण साठ वर्षांपूर्वीच्या जपानी यंत्राचा टाका आणि त्या काळचा सरान हा दस्तऐवज आहे, तर नवा केस ही त्याची नक्कल. काळसर केसांवर कालांतराने चढलेली तांबूस झाकही त्या दस्तऐवजाचाच भाग मानली पाहिजे. नक्कल वाईट असते असे नाही, परंतु नक्कल असल्याची नोंद नसेल तर ती लबाडी ठरते. पोनीटेलची बाहुली बबल कटच्या मस्तकातून तयार करून विकणारे लोक आहेत, आणि त्यांना पकडून देण्याचे काम त्यांनीच न बुजवलेली भोके करतात. उलट ज्या बाहुलीचे केस मुलीने कात्रीने साफ केले आहेत, तिला बोडकीच ठेवण्याचा हट्ट धरणारे पंडितही मला पटत नाहीत. गौरीला गंगावन चालते, मग हिला का चालू नये?

आपल्याकडे बार्बी साडी नेसून आली ती गेल्या शतकाच्या अखेरीस. त्या पिढीच्या बाहुल्या आता अनेक मराठी घरांतील कपाटांच्या वरच्या खणांत, केसांच्या गुंत्यासकट, पडून आहेत. ज्यांना त्या दुरुस्त करावयाच्या असतील त्यांना एवढीच विनंती की गुंता दिसताच कात्री उचलू नये. आधी कोमट पाणी, साधा कंडिशनर आणि टोकाकडून वर जाणारी फणी यांना पुरेसा अवकाश द्यावा, कारण दहांपैकी कित्येक बाहुल्यांना रोवणीची गरजच नसते. आणि केस काढावेच लागले तर ते फेकून न देता कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख व केलेल्या कामाचा तपशील लिहून, बाहुलीच्या खोक्यातच ठेवावेत.