एमडी

१४. एमडी : विचुंब्याच्या मावशींना ही डॉक्टरकीची पदवी वाटते. पोराच्या तोंडी मात्र मेफेड्रोन आहे, नाक्यावरच्या बोलीत ‘म्याव म्याव’. १९२९मध्ये प्रथम तयार झालेली ही पावडर आपल्याकडे २०१५मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आली. मेंदूच्या पेशी वापरलेले डोपामीन आणि सेरोटोनिन एका दाराने परत आत ओढून घेतात. मेफेड्रोन ते दारच उलटे फिरवते आणि आतला साठा बाहेर सांडतो. डोपामीन वाढले की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दबते. कोकेनही डोपामीन वाढवते; ते टोचलेल्या ऱ्हीसस माकडांत तसे आढळले आहे.

लेखकाने पुढे दिलेला माकडांचा दाखला मात्र बाद समजावा. एका रात्रीच्या एक्स्टसीएवढ्या मात्रेने माकडांच्या डोपामीन पेशींना इजा होते, असे सांगणारा जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा तो निबंध २००२मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि २००३मध्ये मागे घेतला गेला. बाटल्यांच्या लेबलांत घोळ झाला होता. जवळजवळ सगळ्या माकडांना टोचले गेले ते मेथअॅम्फेटामीन. शिवाय एक्स्टसी म्हणजे मेफेड्रोन नव्हे. लेखकाने दोन्ही एकच धरली आहेत. मूळ मजकूर तसाच ठेवला आहे. — संपा.