लाखाची गाडी : नॅनोच्या उदयास्ताची कथा

दाराशी वाहन असणे ही आपल्या समाजात केवळ सोयीची बाब कधीच नव्हती. पूर्वी बैलजोडी आणि छकडा, पुढे सायकल, नंतर स्कूटर आणि अखेरीस मोटार, असा हा क्रम आहे. आणि प्रत्येक पायरीवर घराची पतही एकेक पायरी वर चढत आली आहे. दसऱ्याच्या दिवशी वाहनाला झेंडूची माळ चढते. नवी गाडी घरी नेण्याआधी देवळापुढे उभी केली जाते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, कुंकवाचे स्वस्तिक रेखिले जाते आणि मग आप्तेष्ट व शेजारी ती पाहून जातात. लोखंडाच्या यंत्राला घरच्या माणसासारखे उंबरठ्याच्या आत घेण्याचा हा विधी होय. २००९ साली बाजारात आलेल्या आणि अवघ्या नऊ-दहा वर्षांत मावळलेल्या 'नॅनो' गाडीचा इतिहास हा संस्कार ध्यानी घेतल्यावाचून उलगडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सामान्य गृहस्थाला परवडेल अशी लहान मोटार घडवावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत स्वतःच्या जिद्दीवर 'मीरा' नावाची चिमुकली गाडी रचली. पुनःपुन्हा सुधारून ती लोकांपुढे आणली. तथापि कारखान्यातून तिचे उत्पादन कधी सुरू झाले नाही. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये 'मारुती ८००' रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या घरी मोटारीने प्रथमच खऱ्या अर्थाने पाऊल ठेवले. परंतु मध्यमवर्गाच्याही खाली एक फार मोठा वर्ग उरला होता. नवरा स्कूटर चालवीत आहे, पुढे एक मूल उभे आहे, पाठीमागे पत्नी दुसऱ्या तान्ह्याला कवटाळून बसली आहे आणि पावसाची झड अंगावर येत आहे, हे दृश्य गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत कोणी पाहिलेले नाही? रतन टाटा यांनी हेच दृश्य आपल्या गाडीच्या कल्पनेचे मूळ म्हणून वारंवार सांगितले. अशा कुटुंबाला सुरक्षित छप्पर मिळावे आणि त्याची किंमत एक लाख रुपये असावी, हा त्यांचा संकल्प होता.

संकल्प उदात्त होता. परंतु त्यात किंमत आधी ठरली आणि गाडी मागाहून. साधारणतः कारखानदार वस्तू घडवितो आणि खर्चात नफा मिळवून किंमत सांगतो. येथे क्रम उलटा होता. पुण्याच्या संशोधन केंद्रातील अभियंत्यांनी गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली हे काम हाती घेतले. बाह्यरूप घडविण्यात इटलीतील तूरिन येथील एका संस्थेचे साहाय्य होते. ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन मागच्या आसनाखाली बसविले. त्यामुळे पुढची लांबी वाचली आणि जेमतेम तीन मीटरांच्या गाडीत चार धिप्पाड माणसे पाय न आखडता बसू लागली. इटलीच्या १९५७ सालच्या फियाट ५०० या लोकप्रिय गाडीतही दोन सिलिंडरांचे इंजिन मागेच होते. त्या कुळाशी नॅनोचे नाते सांगता येते. चाके बारा इंची, प्रत्येक चाकाला तीनच नट, समोरच्या काचेला एकच वायपर आणि गिअर चार, असा काटकसरीचा एकेक धागा जुळवीत हे वस्त्र विणले गेले. यातील बुद्धिमत्तेला तोड नाही. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ही गाडी मंचावर आली तेव्हा देशोदेशींचे पत्रकार उभे राहून पाहत होते. मधल्या काळात पोलाद महागले होते, तरीही दिलेले वचन पाळावयाचे असते, असे सांगून टाटांनी एक लाखाचा आकडा कायम ठेवला.

येथेच पहिली माशी शिंकली. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे कारखान्यासाठी सुमारे ९९७ एकर जमीन संपादित झाली होती. ज्यांची जमीन गेली त्यांतील अनेक शेतकऱ्यांना ती द्यावयाची नव्हती, आणि त्यांच्या बाजूने मोठे आंदोलन उभे राहिले. कारखाना जवळजवळ पूर्ण होत आला असता ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने तेथून पाय काढला आणि गुजरातेत अहमदाबादजवळ साणंद येथे नवा प्रारंभ केला. गरिबासाठी गाडी काढावयाची, तर तिचा पाया दुसऱ्या गरिबाच्या शेतात घातला गेला होता, ही विसंगती इतिहासाने नोंदविलीच पाहिजे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादन रद्द ठरवून जमीन परत करण्याचा आदेश दिला. उलटपक्षी कंपनीच्या नुकसानीचा प्रश्नही शिल्लक होता. २०२३ मध्ये लवादाने तिला सुमारे ७६६ कोटी रुपये देण्याचा निवाडा केला.

साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. तोवर उत्तराखंडातील पंतनगर येथून थोड्या थोड्या गाड्या निघत होत्या. मार्च २००९ मध्ये विक्रीची घोषणा झाली, एप्रिलमध्ये नोंदणी उघडली आणि दोन लाखांहून अधिक लोकांनी नावे घातली. एवढ्या गाड्या द्यावयाच्या कोठून? म्हणून पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडत काढून झाली. उरलेल्यांचा उत्साह प्रतीक्षेत वितळून गेला.

आता गाडीच्या प्रकारांकडे वळू. कारण या कथेचे मर्म तेथेच आहे. आरंभी तीन प्रकार होते. 'स्टँडर्ड' हा लाखाच्या वचनाचा मूळ देह होता. त्यात वातानुकूलन नव्हते, ब्रेकला जोर देणारी यंत्रणा नव्हती आणि दिल्लीत त्याची किंमत सुमारे १ लाख २३ हजार रुपये होती. 'सीएक्स'मध्ये थंड हवा आली आणि किंमत १ लाख ४८ हजारांवर गेली. 'एलएक्स'ला रंग जुळविलेले बंपर, वीजेवर खालीवर होणाऱ्या पुढच्या काचा आणि धुक्यातील दिवे मिळाले. मोल झाले सुमारे १ लाख ७२ हजार. नोंदणीचे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसून आली. निम्म्या लोकांनी सर्वांत महाग 'एलएक्स' मागितली होती आणि ज्या 'स्टँडर्ड'चा डांगोरा जगभर पिटला गेला, ती मागणारे शंभरात केवळ वीस होते.

या एका आकड्यात पुढच्या सर्व र्‍हासाचे बीज होते. ग्राहकाला स्वस्त गाडी हवी होती. परंतु 'स्वस्तातली' गाडी नको होती. आपल्या भाषेत या दोन शब्दांतील अंतर सूक्ष्म असले तरी व्यवहारात ते फार मोठे आहे. कापडाच्या दुकानात मनुष्य भाव कमी करून घेईल, पण लग्नात नेसलेले लुगडे सर्वांत स्वस्त होते असे कोणी चारचौघांत सांगणार नाही. नॅनोच्या बाबतीत मात्र तिची किंमत हेच तिचे नाव होऊन बसले. जगातील सर्वांत स्वस्त गाडी, ही पाटी वर्तमानपत्रांनी लावली आणि विक्रेत्यांनीही उतरविली नाही. ही ओळख दुर्दैवी ठरली, अशी कबुली टाटांनीच २०१३ साली एका मुलाखतीत दिली.

त्यातच २०१० मध्ये काही नॅनो गाड्यांनी रस्त्यात पेट घेतल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने विद्युत्‌यंत्रणा व धूरनळी यांना अधिक संरक्षण विनामूल्य देऊ केले. परंतु लोकांच्या मनातील चित्र पुसले गेले नाही. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात देशभरात अवघ्या ५०९ गाड्या विकल्या गेल्या. पुढे हमीची मुदत वाढविली, कर्जाची सोय केली आणि विक्री सावरली. २०११-१२ हे वर्ष भरतीचे ठरले. त्या वर्षात सुमारे ७४ हजार नॅनो खपल्या. साणंदच्या कारखान्याची क्षमता मात्र वर्षाला अडीच लाखांची होती. भरतीच्या वर्षीही तो कारखाना दोन-तृतीयांश रिकामाच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे खरे माप कळते.

येथून पुढचा इतिहास म्हणजे काढून घेतलेल्या वस्तू एकेक करून परत देण्याचा इतिहास होय. २०११ च्या अखेरीस इंजिनाची शक्ती वाढली. २०१३ मध्ये चकचकीत पट्ट्या, सामानाचे कप्पे आणि सीएनजीवर चालणारी 'ईमॅक्स' आली. जानेवारी २०१४ मधील 'ट्विस्ट'ला वीजेच्या साहाय्याने हलके फिरणारे स्टेअरिंग मिळाले. किंमत झाली सुमारे २ लाख ३६ हजार. मे २०१५ मध्ये 'जेनएक्स नॅनो' अवतरली. तिला एक्सई, एक्सएम, एक्सटी, एक्सएमए, एक्सटीए असे पाच प्रकार होते. शेवटच्या दोहोंत क्लचवाचून आपोआप गिअर बदलण्याची सोय होती, आणि मागचा दरवाजा प्रथमच बाहेरून उघडू लागला. तोवर डिकीत पिशवी ठेवावयाची तर मागचे आसन पाडून आतून हात घालावा लागे. इंधनाची टाकी १५ लिटरांवरून २४ लिटरांची झाली. सर्वांत वरच्या प्रकाराचे मोल दिल्लीत २ लाख ८९ हजारांपर्यंत पोहोचले.

यांतील प्रत्येक सुधारणा वाजवी होती. यंत्र म्हणून शेवटची नॅनो पहिल्या नॅनोहून निःसंशय चांगली होती. परंतु प्रत्येक भर पडताना स्कूटरवरचे ते कुटुंब एकेक पाऊल मागे पडत गेले. जो पावणेतीन-तीन लाख मोजू शकतो, तो आणखी थोडे कर्ज काढून ऑल्टो घेतो, किंवा जुन्या बाजारात मोठी गाडी शोधतो. शिवाय अंगावरची पाटी अलंकारांनी झाकली गेली नाही. गाडी महाग होत गेली आणि तिची कीर्ती मात्र सर्वांत स्वस्त अशीच राहिली. ज्यांच्यासाठी ती निर्माण झाली त्यांच्या हातून ती निसटली आणि ज्यांना ती देऊ केली त्यांनी ती मनापासून स्वीकारली नाही. जानेवारी २०१४ मध्ये अपघातचाचणीत तिला एकही तारा मिळाला नाही. त्या चाचणीत इतर चार लोकप्रिय लहान गाड्यांचीही तीच गत झाली हे खरे. तथापि कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी जन्मलेल्या गाडीला तो घाव अधिक खोल लागला.

शेवटचे आकडे वाचताना मन विषण्ण होते. २०१६-१७ मध्ये वर्षभराची विक्री आठ हजारांच्याही आत आली. जून २०१८ मध्ये संपूर्ण महिन्यात केवळ एक गाडी तयार झाली आणि तीन विकल्या गेल्या. २०१९ च्या पहिल्या नऊ महिन्यांत एकही नॅनो बनली नाही. फेब्रुवारीत एक तेवढी विकली गेली. एप्रिल २०२० पासून लागू होणारे धुराचे कडक नियम पाळण्यासाठी तिच्यावर नव्याने खर्च करण्याचे कारण आता उरले नव्हते. त्याच साणंदच्या कारखान्यातून पुढे 'टियागो' बाहेर पडू लागली. ती नॅनोहून महाग असूनही लोकांनी आनंदाने घेतली.

२०२२ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या दारी वृद्ध रतन टाटा एका पांढऱ्या नॅनोतून आल्याचे दृश्य सर्वत्र पसरले. लोकांनी त्यांच्या साधेपणाचे मनःपूर्वक कौतुक केले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ते निवर्तले तेव्हाही अनेकांना तेच दृश्य आठवले. परंतु एखादा कारकून त्याच गाडीतून त्याच दारी उतरला असता, तर त्याच्या साधेपणाला कोणी हात जोडले असते काय? श्रीमंताची काटकसर हा सद्गुण ठरतो आणि गरिबाची काटकसर हे त्याचे दारिद्र्य ठरते. पुण्याच्या अभियंत्यांनी गाडीची किंमत लाखावर आणून दाखविली. पण आपल्या नजरेतील तोल बदलणे कोणत्याही कारखान्याच्या हाती नव्हते.

आजही कोठे कोठे एखादी जुनी पिवळी नॅनो दिसते. दसऱ्याला तिच्याही बॉनेटवर स्वस्तिक रेखिलेले असते, तिलाही झेंडूची माळ असते. त्या घराने ती लाखाची म्हणून घेतली की आणखी कशासाठी, हे विचारण्याचे आपल्याला कारण नाही. पावसात मुले भिजली नाहीत, एवढे त्या घराला पुरेसे झाले असेल.